चारशे सतराची नळी

लग्नाला बत्तीस वर्षं झाली, पण लिंबाजी गव्हाणेनं एकदाही जेवणाचा डबा धुऊन घरी आणला नव्हता. खरकटा, झाकणाला पिठलं चिकटलेला, तसाच आणून मोरीत ठेवायचा आणि "पाणी दे गं" म्हणून खाटेवर बसायचा. आणि आता बघा, सलग तीन दिवस डबा लख्ख धुतलेला! बायकोला संशय येणार नाही तर काय होईल?

चंद्रकलाबाईंनी त्या दिवशी सकाळी नवऱ्याचा कालचा शर्ट उचलला आणि नाकाला लावला. मग मुलीला हाक मारली.

"शिवे, हिकडं ये. वास घे बरं ह्याचा."

"आई, मला कुठं वास येतो? माहितीये ना तुला."

शिवकन्या बारा वर्षांची असताना करोनाच्या साथीत तिचं नाक गेलं ते गेलंच. त्याला आता सतरा वर्षं झाली होती. फोडणी जळाली तरी तिला दिसल्याशिवाय कळत नसे. अशा मुलीनं पुढं हवेतले वायू तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी धरावी, याचं नातेवाइकांना फार हसू यायचं. तिला यायचं नाही. नाकापेक्षा मशीन बरं, असं तिचं ठाम मत होतं. नाकाचं मत सर्दीनं बदलतं.

"बिडीचा न्हाई," चंद्रकलाबाई म्हणाल्या, "बिडीचा असता तर मी दारातून वळखला असता. हा गोडसर हाये. सडलेल्या केळ्यावानी. हे कायतरी लपवायलेत बघ."

"तुझं आपलं काहीतरीच!" असं म्हणून शिवकन्या गाडीची किल्ली शोधायला लागली. पण जाता जाता तिनं वडलांकडं, आबांकडं, नीट पाहिलं, आणि एकदा पाहिल्यावर तिला पाहतच राहावंसं वाटलं. ते ओट्यावर बसून कोरा चहा पीत होते. गाल आत गेलेले. बोलताना तोंड बाजूला वळवत होते. खिशातली लवंग सारखी तोंडात टाकत होते. मधुमेहाची, साखरेची गोळी मात्र त्यांनी दोघींच्या डोळ्यांदेखत घेतली, तांब्याभर पाण्यासोबत.

"आबा, बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? जा तू, उशीर व्हईल."

देव्हाऱ्यात खंडोबाचे घट बसले होते. मार्गशीर्षाचा चौथा दिवस होता. परवा चंपाषष्ठी.

*

लिंबाजी परभणीजवळच्या एका जिनिंगमध्ये कामाला होता. दुपारी दोन ते रात्री दहा, कापसाच्या ढिगाऱ्यांमध्ये. तीन वर्षांपूर्वी तसल्याच एका जिनिंगला बिडीच्या एका थोटकानं आग लागली होती आणि नऊ माणसं कोळसा झाली होती. त्यानंतर कायदा आला. आता प्रत्येक कामगाराच्या कॉलरला बोटभर लांबीची एक नळी लावायची. आत मोहरीएवढा पंप. पाळीभर तो माणसाच्या तोंडाजवळची हवा थोडी थोडी आत ओढतो. पाळी संपली की नळ्या डब्यात भरून प्रयोगशाळेत. नावं नाहीत, नुसते नंबर.

नळीत वाळूसारखे कण असतात आणि त्यांच्यावर एका नारिंगी-पिवळ्या रसायनाचा थर. हवेतल्या आल्डिहाइड आणि कीटोन जातीच्या वायूंना ते रसायन पकडून ठेवतं. फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिन, अ‍ॅसिटोन, असे हे सगळे एका गोतावळ्यातले. सकाळी शिवकन्या नळीतून द्रावक सोडून त्यांना धुऊन काढायची आणि तो पिवळसर थेंब क्रोमॅटोग्राफीच्या मशीनमध्ये द्यायची. मशीन त्याला एका गच्च भरलेल्या बारीक नलिकेतून प्रचंड दाबानं ढकलतं. आठवडी बाजारातून घरी निघालेली माणसं कशी असतात? ज्याची ओळख कमी तो सरळ बाहेर पडतो. ज्याच्या ओळखी जास्त तो दर दुकानाशी थांबतो आणि उशिरा पोचतो. तसंच हे. प्रत्येक जण आपल्या ठरलेल्या वेळेला बाहेर येतो आणि पडद्यावर त्याचं एकेक शिखर उमटतं. शिखर केव्हा आलं त्यावरून कोण ते कळतं, केवढं आलं त्यावरून किती ते कळतं.

अ‍ॅक्रोलिन म्हणजे धूर. कुणी कामावर बिडी ओढली की अ‍ॅक्रोलिनचं शिखर वर जायचं. मर्यादा ओलांडली की मशीन तांबडी खूण करायचं, शिवकन्या 'मंजूर'चं बटण दाबायची आणि त्या नंबरचा माणूस हंगामभर घरी.

पूर्वी एका नमुन्याला चाळीस मिनिटं लागायची. नळ्या वाढल्या, ढीग साचला, तेव्हा द्रावकाचा वेग वाढवून काम नऊ मिनिटांत उरकायची युक्ती शिवकन्यानंच काढली. त्याबद्दल तिला शाल-नारळ मिळाला होता. घाईत अ‍ॅक्रोलिन आणि अ‍ॅसिटोन एकमेकांना चिकटून बाहेर यायचे आणि दोघांचं मिळून एकच शिखर दिसायचं, हे तिला ठाऊक होतं. पण अ‍ॅसिटोन काय, सगळ्यांच्याच श्वासात चिमूटभर असतं. तेवढं वजा करायला तिनं मशीनला शिकवलं होतं. राहिलेला तो धूर.

त्या दिवशी चार तांबड्या खुणा आल्या. तिनं चारदा बटण दाबलं आणि चहाला गेली.

*

दुपारी अडीचला आईचा फोन आला. "घरी ये. तुझ्या बापाला गेटावरून परत लावलंय."

शिवकन्या घरी पोचली तेव्हा लिंबाजी खाटेवर मान खाली घालून बसला होता. शेजारी जिनिंगची चिठ्ठी. क्रमांक चारशे सतरा, धूम्रपान. सकाळच्या चारांपैकी एक.

लिंबाजीनं चाळीस वर्षं बिडी ओढली होती. गेल्या चंपाषष्ठीला त्यानं सगळा बंडल देवापुढं दिवटीवर धरून जाळला, शिवकन्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पुन्हा शिवलो तर तुझा बाप न्हाई." त्या दिवशी ती ढसाढसा रडली होती. वर्षभर तिनं ही गोष्ट ऑफिसात दहा जणांना सांगितली होती.

"साळुंके मॅनेजर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणला, लिंबाजीमामा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. साऱ्या गड्यांसमोर म्हणला." लिंबाजीनं चिठ्ठी बाजूला सारली. "मी बिडीला हात लावला न्हाई."

"मशीन खोटं बोलत नाही, आबा."

"मंग मी बोलतो का?"

तिनं चिठ्ठी उचलून नंबर पुन्हा वाचला. तेच उत्तर झालं, आणि ते दोघांनाही समजलं.

चंद्रकलाबाई तडक उठल्या. घटापुढची भंडाऱ्याची वाटी आणि बेलाचं पान त्यांनी नवऱ्यापुढं धरलं. "उचला. उचला बेलभंडारा आन् सांगा देवाला."

लिंबाजीनं हात धुतले. बेल उचलला, भंडारा उचलला, कपाळाला लावला. "खंडेराया, वरीसभर बिडी तोंडाला लावली असंल तर माझ्या जिभेला किडे पडू दे." त्या घरात बेलभंडारा उचलल्यावर पुढं कुणी शब्द काढत नसे. जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या त्याच्यावर.

शिवकन्यानं शब्द काढला. "मग डबा का धुता, आबा?"

लिंबाजीनं तिच्याकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं, घटाकडं पाहिलं. आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघताना शिवकन्याला राग आला नाही, भीती वाटली. बिडी ओढली तर ओढली, माणूस आहे. पण बेलभंडारा उचलून खोटं? मग आजवरचं काय काय खोटं होतं?

*

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती नळ्या धुवत असताना परत फोन वाजला. आई इतक्या मोठ्यानं बोलत होती की पलीकडच्या टेबलावरच्या तडवी मॅडमनं मान वर केली. रुबिना तडवी ही प्रयोगशाळेची प्रमुख. कमी बोलणारी, आणि नियमाला पक्की.

"सापडलं! शिवे, सापडलं मला! तुझं कपाट पुसायले तर ती नखाचा रंग काढायची बाटली सांडली. तोच वास! अगं, तोच! रातभर ह्यांच्या तोंडाला तोच यायला. कोण हाये ती रंगीत नखांची? डबाबी तीच धुऊन देत असंल, भवानी!"

"आई, थांब. तोंडाला येतो? शर्टाला नाही?"

"तोंडाला! श्वासाला! आन् वर नाटकं बघ, सकाळपासून उलट्या चालू हायेत."

शिवकन्याच्या हातातली नळी तशीच राहिली. नखाचा रंग काढायचं औषध म्हणजे अ‍ॅसिटोन. नाकानं नव्हे, पुस्तकानं तिला ते माहीत होतं.

तिनं धावत जाऊन पडद्यावर चारशे सतराचा परवाचा आलेख उघडला. धुराचं शिखर आभाळाला भिडलेलं. पण त्याच्या आधीची दोन, फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड? सपाट. आता बिडीचा धूर कधी एकटा येतो का? तो सगळं गोत बरोबर घेऊन येतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरीला कळलं असतं. पण आलेख बघतो कोण? तांबडी खूण बघितली, बटण दाबलं, चहा प्यायला गेलो.

"मॅडम, हा नमुना मला चाळीस मिनिटांवर परत चालवायचाय."

तडवी मॅडम जवळ आल्या. नंबर पाहिला, तिचा चेहरा पाहिला. "कुणाचा आहे हा?"

"माझ्या वडलांचा."

"मग तू मशीनला हात लावायचा नाही. नियम आहे."

"मॅडम—"

"तू लावायचा नाही म्हणाले. मी लावते. बस तिथं."

शीतपेटीतली कुपी निघाली. सुई आत गेली. पंपाची घरघर सुरू झाली. शिवकन्यानं आईला फोन लावला. "आई, भांडू नकोस. आबांना उठव, बसतं कर. श्वास कसा चाललाय?"

"धापा टाकायलेत, पळून आल्यावानी. पडूनच हायेत की पण! साखर बघितली मी बोटातून, एकशे साठ. साखर चांगली हाये."

साखर चांगली! तेवढ्यानं शिवकन्याच्या तोंडचं पाणी पळालं. आबांची ती नवी गोळी रक्तातली जास्तीची साखर लघवीवाटे काढून टाकायची. गोळी देताना डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, उपाशी राहायचं नाही. पोटात अन्न नाही आणि गोळी चालू, असं झालं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात आणि रक्त आंबट होत जातं. त्यातलाच एक कीटोन म्हणजे अ‍ॅसिटोन, तो श्वासातून बाहेर पडतो. आणि बोटातून काढलेली साखर शेवटपर्यंत शहाण्यासारखी चांगलीच दिसत राहते. महाशिवरात्रीच्या उपासात आबा चक्कर येऊन पडले होते, तेव्हा तिनंच त्यांच्याकडून वचन घेतलं होतं की पुन्हा उपास नाही.

पडद्यावर रेघ सपाट सरकत होती. अ‍ॅक्रोलिनची वेळ आली. रेघ इवलीशी हलली आणि खाली बसली. धूर नव्हताच. अर्ध्या मिनिटानं रेघ उठली ती उठतच गेली.

"अ‍ॅसिटोन," तडवी मॅडम हळूच म्हणाल्या. "अगं, एवढं? हा माणूस चालतो कसा?"

शिवकन्या चप्पल घालायची विसरून जिना उतरली.

*

दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं साखर पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाला, "पित्त झालंय. सुई देतो, घरी न्या."

"साखर बघू नका, डॉक्टर. कीटोन बघा. रक्त आंबट झालंय का ते बघा." तिनं फोनवरचा आलेख त्याच्या नाकासमोर धरला. "हा ह्यांचा श्वास आहे. परवाचा."

त्याला आलेख कळला नाही, पण तिचा चेहरा कळला असावा. त्यानं रक्त घेतलं. दहा मिनिटांनी तो पळत आला, बरोबर दोन नर्स. सलाईनच्या नळ्या लागल्या, इन्शुलिन सुरू झालं. "अजून काही तास गेले असते तर..." एवढं बोलून तो थांबला.

चंद्रकलाबाई पायथ्याशी उभ्या होत्या. पदराचं टोक दातात. "आहो, किती दिवस जेवला न्हाईत?"

लिंबाजीनं डोळे न उघडता पाच बोटं वर केली.

थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. बिडी सोडताना तो देवाला नवस बोलला होता, एक वर्ष निभावलं तर घटाचे सहाच्या सहा दिवस निरंकार धरीन, अन्नाचा कण खाणार नाही. वर्ष निभावलं. मग बोललेलं फेडायला नको? पोरीला सांगावं तर तिला वचन दिलेलं, ती धरू देणार नाही. म्हणून गप्प. दोन्ही वेळचं डब्यातच बांधून न्यायचा, ते गेटावरच्या कुत्र्याला घालायचा, आणि कुत्र्यानं तोंड लावलेला डबा तसाच घरी कसा न्यायचा, म्हणून धुऊन आणायचा.

म्हणजे बिडी सोडल्याच्या नवसापायी माणूस बिडीचा चोर ठरला होता! चंद्रकलाबाई हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. "एवढे दिवस कुत्र्याला घातली माझी भाकर! आन् मी मेली कुणाची नखं शोधत बसले."

शिवकन्याला हसू आलं नाही. तिनं आबांचा हात धरला. काल ह्याच हातानं बेलभंडारा उचलला होता.

*

तिनं चूक लिहून दिली. स्वतःच्या सहीनं, आडपडदा न ठेवता. नऊ मिनिटांची पद्धत बंद झाली. त्या पद्धतीनं घरी बसलेल्या अकरा जणांचे नमुने तडवी मॅडमनं पुन्हा चालवले. त्यातले चार निर्दोष निघाले. लिंबाजी, एक रोजे ठेवणारा गडी, आणि असे दोघं, ज्यांना मधुमेह असल्याचं त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्यातल्या एकाची बायको चिडून माहेरी निघून गेली होती. ती काही परत आली नाही.

शाल-नारळ परत मागायला कुणी आलं नाही. साळुंके मॅनेजर मात्र आला, पेढे घेऊन.

"ताई, तुमचं मशीन तर डॉक्टरच निघालं की! एक करा, धुरासोबत ते अ‍ॅसिटोनचंबी कळवत जा. कोण उपाशी, कोण आजारी, आधीच कळलं तर माणसाची काळजी घेता येईल."

"आजारी निघाला तर कामावर ठेवाल?"

साळुंके मोकळेपणानं हसला. "आता ताई, चक्कर येऊन यंत्रात हात गेला तर जबाबदारी कुणाची?"

"कायद्यात फक्त धूर आहे," ती म्हणाली.

"कायदा काय, वाढवता येतो. वरती बोलणं चालूच आहे." पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून तो गेला. तिनं तो उघडला नाही.

महिन्याभरानं लिंबाजी कामावर रुजू झाला. डबा पुन्हा खरकटा यायला लागला, आणि चंद्रकलाबाई त्याच्यावर इतक्या खूश होत्या की स्वतःच गुणगुणत घासायच्या. घर ताळ्यावर आलं, असं कुणालाही वाटलं असतं.

प्रयोगशाळेत आता चाळीस मिनिटांची पद्धत होती. धुराचं शिखर वेगळं, अ‍ॅसिटोनचं वेगळं. जिनिंगला फक्त धुराचा रकाना जायचा. दुसरा रकाना पडद्यावरच राहायचा, कुणी बघायचा नाही असं ठरलेलं. पण नंबर आता तिला पाठ होता. एका मंगळवारी ट्रेमध्ये चारशे सतरा दिसला. आदल्या दिवशी सोमवार होता. सोमवारी आबा पूर्वी उपास धरायचे. घरात कुणी नसताना धरला असेल तर? डबा काय, अर्धा सांडून खरकटा करता येतो. जो माणूस पाच दिवस लपवतो तो एक दिवस सहज लपवेल.

तिनं मागं वळून पाहिलं. तडवी मॅडम बाहेर होत्या. तिनं रकाना उघडला.

मोठं शिखर नव्हतंच. चारचौघांच्या श्वासात असतं तेवढंच. आबा जेवले होते. तिनं सुस्कारा सोडला आणि रकाना बंद केला.

बुधवारी लिंबाजीला सुट्टी होती. ती संध्याकाळी घरी आली तर तो ओट्यावर वाटाणे सोलत बसला होता. ती चप्पल काढून त्याच्या शेजारी टेकली, एक शेंग उचलली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आबा, सोमवारी जेवला होतात ना?"

लिंबाजीचा हात थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. जिनिंगच्या गेटावर चिठ्ठी हातात पडली तेव्हा त्याचा चेहरा जसा झाला असेल, तसा.

"तू नळीत बघितलंस की," तो म्हणाला. "तूच सांग. जेवलो का मी?"

शिवकन्यानं हातातली शेंग परत ठेवली. लिंबाजीनं सोललेल्या वाटाण्यांचं ताट तिच्यापुढं सरकवलं आणि हात झटकत तो आत निघून गेला.